वहीतल्या आकृत्या संगणकावर स्वच्छ आणायच्या, तर सॉफ्टवेअर कसं निवडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : दहावीच्या विज्ञानाच्या नोट्सची पुस्तिका छापायची आहे. साठेक आकृत्या वहीत पेन्सिलीने काढून तयार आहेत. त्यात भिंगाच्या किरणाकृत्या आहेत, विद्युत परिपथ आहेत, फुलाचा उभा छेद आणि पेशीविभाजनाच्या अवस्था आहेत, काही फ्लोचार्ट आहेत. फोटो टाकला की आपोआप स्वच्छ आकृती मिळेल असं सॉफ्टवेअर कोणतं? लॅपटॉप जुना आहे, दरमहा वर्गणी भरायची नाही आणि नावं मराठीत द्यायची आहेत.

मी शालेय आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांसाठी आकृत्या करते, रोजचं काम हेच आहे. त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. किरणाकृत्यांसाठी जिओजेब्रा, परिपथ आणि फ्लोचार्टसाठी ड्रॉ डॉट आयओ, आणि फूल, पेशी वगैरे सगळ्या जिवंत आकारांसाठी इंकस्केप. तिन्ही फुकट आहेत, तिन्ही इंटरनेटशिवाय चालतात आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालायला हरकत नाही. फोटोवरून आपोआप छापण्याजोगी आकृती देणारं सॉफ्टवेअर मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. तशी सॉफ्टवेअरं आहेत, पण तुमच्या कामाला ती पुरी पडत नाहीत.

तुम्ही विचारलंय की रेघा स्वच्छ कशा होतील. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : या आकृतीत काय बरोबर राहिलंच पाहिजे, आणि उद्या काय बदलावं लागेल? किरणाकृतीत कोन आणि अंतरं बरोबर हवीत. परिपथात काय कशाला जोडलंय ते बरोबर हवं, लांबीरुंदीला तिथे काहीच अर्थ नाही. फुलाच्या छेदात आकार आणि एकमेकांच्या तुलनेत जागा बरोबर हव्यात. ही तीन वेगळी कामं आहेत म्हणून तीन वेगळी साधनं सांगितली. एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं बसवायचा हट्ट धरला तर साठांपैकी निम्म्या आकृत्यांशी उगाच झगडत बसाल.

ही काही माझी नवी कल्पना नाही. 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाची प्रणाली केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा ओढायच्या आणि मग संगणकाला सांगायचं, की या दोन रेघा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या कर. संगणकावर चित्र काढण्याच्या अगदी सुरुवातीच्या या प्रयोगातच रेघेपेक्षा रेघांमधल्या नात्याला महत्त्व दिलेलं होतं. साधन निवडताना मी अजूनही तेच बघते.

आता फोटोवरून आपोआप रेखाटनाबद्दल. याला ट्रेसिंग म्हणतात आणि ते इंकस्केप आणि पैसे देऊन घ्यायची इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ ही चित्रांची सॉफ्टवेअरं, अशा तिन्हींत आहे. इंकस्केपमध्ये पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम हे काम करतो. तो फोटोतला काळा भाग शोधतो आणि त्या भागाची कड आखतो. इथेच मेख आहे. तुमच्या पेन्सिलीची एक रेघ ही त्याच्या लेखी रेघ नसते, तो एक लांबट काळा पट्टा असतो. त्यामुळे त्या रेघेला दोन कडा मिळतात, डावी आणि उजवी, आणि मध्ये काळा रंग भरला जातो. पडद्यावर ते छान दिसतं. मग तुम्ही म्हणता, ही रेघ जरा जाड करू या. जाडी बदलायला जाता तर बदलायला रेघच नाही. एक साधी आडवी रेघ सरळ करायची तर वीसपंचवीस बिंदू पकडून ओढावे लागतात.

इंकस्केपच्या 1.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, रेघेच्या मधोमध आखणी करण्याची सोयही आहे. कोरलड्रॉतही तशी सोय आहे. ती बरी आहे, पण जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे बारीक वाकडेपणा येतो आणि काटकोन गोल होतात. किरणाकृतीत नेमके छेदनबिंदूच महत्त्वाचे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याहून मोठी अडचण अशी, की ट्रेसिंग तुमची चूकही तितक्याच इमानाने स्वच्छ करून देतं. कडक इस्त्री केली म्हणून मापात चुकलेला सदरा अंगात बसत नाही. भिंगाचंच उदाहरण घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 2 सेंमी आहे आणि वस्तू 3 सेंमीवर ठेवली आहे. गणिताने प्रतिमा 6 सेंमीवर, उलटी आणि दुप्पट उंचीची यायला हवी. आता मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण वाकवताना तुमची पट्टी नाभीपाशी फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, म्हणजे किरण 2 ऐवजी 2.05 सेंमीवरून गेला, तर दुसऱ्या किरणाशी त्याचा छेद 6 ऐवजी जवळजवळ 6.5 सेंमीवर जातो. वहीत मुलं हे चालवून घेतात. छापील पानावर एखादं हुशार पोर पट्टी लावून मोजतं आणि विचारतं, की सूत्र चुकलं की आकृती?

म्हणून किरणाकृत्या जिओजेब्रात करा. भिंग म्हणून एक उभा रेषाखंड घ्या, आडवा मुख्य अक्ष घ्या, दोन्ही बाजूंना एफ आणि 2 एफ हे बिंदू मापाने ठेवा. वस्तूचा पाया अक्षावर सरकणारा बिंदू असू द्या. वस्तूच्या टोकापासून एक रेषा समांतर जाऊन भिंगावरून पलीकडच्या नाभीतून न्या, दुसरी प्रकाशीय केंद्रातून सरळ. दोन्ही जिथे छेदतात तिथे प्रतिमेचं टोक. ही रचना एकदाच करायची. मग अनंत अंतरावरची वस्तू सोडली, तर पाठ्यपुस्तकातल्या बाकी सगळ्या स्थितींसाठी फक्त तो एक बिंदू सरकवायचा, सगळे किरण आपोआप आपापल्या जागी जातात. अनंतावरच्या वस्तूसाठी तेवढी समांतर किरणांची वेगळी आकृती करावी लागते.

एक बारकावा सांगते. छेद काढताना जिओजेब्रातलं ‘रेषा’ हे साधन वापरा, ‘किरण’ नको. विषय प्रकाशकिरणांचा असल्यामुळे हात आपसूक किरणाकडे जातो. पण वस्तू नाभी आणि भिंग यांच्या मध्ये आली की अपवर्तित किरण पुढे एकमेकांपासून लांब जातात आणि आभासी प्रतिमा मागच्या बाजूला होते. किरण एकाच दिशेला वाढतो, त्यामुळे तिथे छेद मिळतच नाही आणि प्रतिमा गायब होते. रेषा दोन्हीकडे वाढते, छेद मिळतो. नंतर रेषा लपवून तिच्यावर पुढचा भाग अखंड आणि मागचा भाग तुटक काढायचा. वस्तू बरोबर नाभीवर ठेवली की मात्र रेषा वापरूनही छेद नाहीसा होतो, कारण तिथे किरण समांतरच जातात. वर्गात ही गोष्ट पडद्यावर दाखवण्यासारखी आहे.

आकृती झाली की जिओजेब्रा क्लासिक 5 मधून ती एसव्हीजी म्हणून बाहेर काढा. एसव्हीजी हा खुला प्रमाणित प्रकार आहे. त्यात चित्र ठिपक्यांनी साठवलेलं नसतं, रेघा म्हणून साठवलेलं असतं. कितीही मोठं करा, फाटत नाही. नावं आणि बाण जिओजेब्रात घालू नका. ते सगळं शेवटी इंकस्केपमध्ये, म्हणजे सगळ्या पुस्तिकेत एकसारखं दिसेल.

परिपथ आणि फ्लोचार्ट यांना मी फार वेळ देणार नाही, कारण ते सोपे आहेत. ड्रॉ डॉट आयओमध्ये विद्युत चिन्हांचा तयार संच आहे, तो आधी चालू करून घ्यावा लागतो. रोधाची दोन्ही चिन्हं त्यात आहेत, आयताची आणि नागमोडी रेघेची. तुमची मुलं ज्या पुस्तकावरून परीक्षा देतात त्यातलं घ्या. तार जोडताना चिन्हाच्या टोकाशी नेली की ते टोक हिरवं होतं, तेव्हाच सोडा. मग ॲमीटर उचलून दुसरीकडे ठेवला तरी तार त्याच्यामागे जाते. हिरवं न होता सोडलेली तार त्या टोकाला पक्की बसत नाही. न जोडता ओलांडणाऱ्या तारांना कमान देण्याची सोय आहे, ती वापरा, आणि जिथे खरी जोडणी आहे तिथे ठिपका द्या.

फ्लोचार्टचा फोटो हल्लीच्या एआय चॅटबॉटला देऊन त्याच्याकडून मर्मेड या पद्धतीचा, म्हणजे चौकटी आणि बाण शब्दांत सांगणारा, मजकूर लिहून घेता येतो आणि तो मजकूर ड्रॉ डॉट आयओमध्ये घातला की चौकटी तयार होतात. फक्त फ्लोचार्टपुरता हा रस्ता मला मान्य आहे, कारण तिथे तपासायला मोजके बाण असतात. तेही एकेक करून तपासायचेच. फुलाचा छेद किंवा पेशी यांची चित्रं एआयकडून करून घेऊ नका. चित्र देखणं येतं आणि परागकोश भलत्याच ठिकाणी असू शकतो, मराठी नावांची अक्षरंही चुकू शकतात. विज्ञानाच्या पुस्तिकेत हे चालणार नाही.

ड्रॉ डॉट आयओमधून इंकस्केपमध्ये येताना एक ठेच हमखास लागते. एसव्हीजी उघडल्यावर रेघा दिसतात आणि अक्षरं गायब असतात, किंवा त्या जागी इंग्रजीत सूचना दिसते, की मजकूर दाखवता येत नाही. कारण ड्रॉ डॉट आयओ आपला मजकूर वेबपानासारखा साठवतं आणि इंकस्केपला तो वाचता येत नाही. उपाय सोपा आहे : मजकुराच्या पट्टीतले ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ हे दोन पर्याय बंद करून मग एसव्हीजी काढा. नाहीतर सरळ पीडीएफ काढा.

आता फूल. इथे तुमच्या हाताला खरी किंमत आहे आणि म्हणूनच इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. जास्वंदाचा उभा छेद काढला असेल तर त्याचा फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी, फोन कागदाला समांतर धरून घ्या. तिरका फोटो आला की अंडाशय एका बाजूला फुगतं. फोटो इंकस्केपमध्ये सगळ्यात खालच्या थरावर ठेवा, फिका करा आणि तो थर कुलूपबंद करा. वर नवा थर घेऊन पेन साधनाने त्यावरून पुन्हा आखा. हो, पुन्हा आखायचं. सुरुवातीला हे दुप्पट काम वाटतं, पण ट्रेसिंगमधून आलेले शेकडो बिंदू निस्तरत बसण्यापेक्षा यात वेळ कमी जातो.

आखताना बिंदू कमीत कमी ठेवा. पाकळीच्या एका कडेला तीन-चार बिंदू पुरतात. बिंदू वळणाच्या टोकाला द्यायचा, वळणाच्या मध्ये नाही. बिंदू जास्त झाले की कड थरथरते. पाकळी, निदल, कुक्षीवृंत हे प्रत्येक वेगळं आणि बंद आकार म्हणून काढा, म्हणजे मागचं-पुढचं ठरवता येतं. जास्वंदात पुंकेसरांची नळी कुक्षीवृंताभोवती असते. हे दोन आकार वेगळे असले तरच छेदात नळीच्या आतून जाणारा कुक्षीवृंत नीट दाखवता येतो. एक परागकोश नीट काढा आणि त्याचे क्लोन करा. क्लोन म्हणजे मूळ आकाराशी बांधलेली प्रत. मूळ परागकोशाचा आकार बदलला की सगळे बदलतात. पेशीविभाजनात गुणसूत्रांसाठी हेच करा.

ट्रेसिंग कधी वापरावं, तर जिथे हाताच्या रेघेची लकब तशीच ठेवायची आहे तिथे. ठिपक्यांनी छटा दिलेलं पान, बियांची खरखरीत साल, अशा गोष्टी कोऱ्या, रेघा नसलेल्या कागदावर काळ्या जेल पेनने गिरवा, स्कॅन करा आणि मग ट्रेस करा. पेन्सिलीचा फोटो ट्रेस केला तर कागदाचा पोतही आकृतीत येतो.

टॅबलेटवर रेघ ओढून पेन जरा टेकवून ठेवलं की रेघ सरळ होते, वर्तुळ गोल होतं. वर्गात शिकवताना ही सोय उत्तम आहे. साठ आकृत्यांच्या पुस्तिकेला नाही, कारण प्रत्येक आकृतीची जाडी, अक्षरं आणि माप वेगळं होत जातं.

पैसे देऊन इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ घ्यावं का? रोज हेच काम करणार असाल, किंवा तुमच्या डीटीपीवाल्याला फक्त कोरलची फाइल चालत असेल, तर विचार करा. म्हणून पहिल्या दिवशीच त्याला फोन करून विचारा, की आकृती कुठल्या प्रकारात हवी. पीडीएफ चालते असं बहुतेक जण सांगतील. मग तुम्ही ती कशात केली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एका पुस्तिकेसाठी वर्गणी भरू नका.

मराठी अक्षरांबद्दल मात्र सावध राहा, कारण आकृत्या बिघडतात त्या बहुतेक इथेच. नावं युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कालवा होऊन उघडतो. इंकस्केपमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची सोय आधी चालू करावी लागते, नाहीतर ‘कुक्षीवृंत’चे तुकडे होतात. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांतही हा त्रास आहे. छोट्या नावांसाठी मुक्ता हा फॉन्ट स्वच्छ दिसतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी घ्या. दोन्ही मोफत आहेत. आकार 9 पॉइंटच्या खाली नेऊ नका, वेलांट्या आणि रफार बुजतात. फाइल छपाईला देताना इंकस्केपमधून पीडीएफ काढताना मजकुराचं रेघांत रूपांतर करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मूळ एसव्हीजी मात्र वेगळी जपून ठेवा. रेघा झालेल्या अक्षरांत शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही.

रेघांची जाडी सगळ्या साठ आकृत्यांसाठी आधीच ठरवून टाका. भारतीय मानक ब्यूरोची एसपी 46 ही अभियांत्रिकी आरेखनाची पुस्तिका जाडीची एक मालिका देते, त्यातल्या 0.25, 0.35 आणि 0.5 मिमी या तीन तुम्हाला पुरतील. बाह्यरेषा 0.5, आतल्या रेघा 0.35, नावाकडे जाणाऱ्या निर्देशरेषा 0.25. आकृती पानावर जेवढी छापणार तेवढ्याच मापात काढा. आणि इंकस्केपच्या वरच्या पट्टीतलं एक बटण बंद ठेवा, आकार लहानमोठा करताना रेघेची जाडीही बदलणारं. ते चालू असेल तर आकृती निम्मी केली की 0.25 ची रेघ 0.125 होते आणि छपाईत तुटते. निर्देशरेषा एकमेकींना छेदू देऊ नका आणि त्यांचं टोक त्या अवयवाच्या आत जाऊ द्या, कडेवर नको. कडेवर थांबली की पाकळी दाखवली की निदल, ते कळत नाही.

यातलं थोडंफार तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पुस्तिका फक्त पीडीएफ म्हणून मोबाइलवर जाणार असेल तर रंग वापरा, आणि अक्षरं आणखी मोठी घ्या. छापणार असाल तर काळ्या-पांढऱ्यात करा आणि राखाडी छटांऐवजी तिरप्या रेघा किंवा ठिपके वापरा, कारण नोट्सची झेरॉक्स होणारच आणि झेरॉक्समध्ये फिका राखाडी उडतो, गडद राखाडी काळा होतो. आकृत्या साठांऐवजी पाच-सहाच असत्या, तर मी म्हटलं असतं की जिओजेब्राच्या भानगडीत पडू नका, सगळं इंकस्केपमध्येच करा. साठांमध्ये किरणाकृत्या दहा-बारा तरी असतील, म्हणून ते शिकणं परवडतं.

साठही आकृत्यांना एकदम हात घालू नका. सगळ्यात गर्दीची एक आकृती निवडा, बहुधा ती फुलाचा छेदच असेल. ती फोटोपासून पीडीएफपर्यंत पूर्ण करा, डीटीपीवाल्याकडे द्या, पानात बसवून छापील प्रत मागवा आणि त्या प्रतीची झेरॉक्स काढा. जाडी, अक्षरांचा आकार, निर्देशरेषा यांत काय बदलायचं ते त्या कागदावरच कळेल. अंडाशयातली बीजांडं झेरॉक्सवरही सुटी सुटी दिसली, की तीच मापं ठेवून पुढची आकृती घ्या.